टोलमाफीचं बिल कुणी भरलं? मुंबईच्या पाच वेशींचं प्रकरण

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या मोटारवाहनांचा टोल बंद झाला. दहिसर, मुलुंडचा लालबहादूर शास्त्री मार्ग, मुलुंडचाच पूर्व द्रुतगती मार्गावरचा आनंदनगर नाका, ऐरोली आणि वाशी. सकाळी मंत्रिमंडळाने ठरवलं, रात्री अंमल झाला आणि दुसऱ्या दिवशी विधानसभा निवडणूक जाहीर झाली. ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदरच्या मोटारवाल्याचे एका खेपेचे ४५ रुपये वाचले.

रस्त्याचा खर्च त्या रात्री एका पैशानेही कमी झाला नाही. कंत्राटदाराशी झालेला करार तसाच होता, पुलांची डागडुजी तशीच होती. फक्त पैसे देणारा बदलला. तो कोण, हे शोधायचं तर हे नाके तिथे आले कसे, इथपासून सुरुवात करावी लागते.

नाके वेशीवरच का?

१९९५ मध्ये राज्यात युतीचं सरकार आलं. नितीन गडकरी सार्वजनिक बांधकाम मंत्री होते. १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झालं आणि मुंबईत ५५ उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. तिजोरीत एवढा पैसा नव्हता, म्हणून महामंडळाने कर्जरोखे काढले. ते टोलमधून फेडायचे ठरले.

अडचण अशी की हे पूल शहराच्या पोटात होते. प्रत्येक पुलाच्या तोंडाशी खिडकी लावली तर पूल बांधून वाचलेला वेळ तिथल्या रांगेतच जाणार. त्यामुळे वसुली वेशीवर नेली. मुंबई एका बाजूला खाडीने आणि दुसऱ्या बाजूला समुद्राने वेढलेली आहे. मोटारीने आत यायचं तर मोजक्याच वाटा. महापालिकेचे जकात नाकेही याच वाटांवर होते, तेही पाचच. जकात १ जुलै २०१७ ला वस्तू-सेवा करात विरली. टोल राहिला.

वसुलीला ही जागा सोयीची होती, पण न्यायाच्या दृष्टीने ती सुरुवातीपासून चुकलेली होती. गोरेगावहून वांद्र्याला रोज मोटारीने जाणारा माणूस पश्चिम द्रुतगती मार्गावरचे पूल ओलांडत गेला आणि त्याने एक रुपयाही दिला नाही. ठाण्याच्या नौपाड्यातून मुलुंडच्या दवाखान्यात जाणाऱ्याला त्या ५५ मधला एकही पूल लागत नसे, तरी त्याने पूर्ण टोल भरला. ज्याच्यासाठी पूल बांधले तो आत राहत होता आणि ज्याच्याकडून पैसे घेतले तो बाहेर. ठाणेकरांचा राग यातूनच आला, आणि तो रास्त होता.

त्याच काळात शहर वेशीबाहेर वाढलं. २००१ ते २०११ या दशकात मुंबईची लोकसंख्या १ कोटी १९ लाखांवरून १ कोटी २४ लाखांवर गेली. जुन्या शहराची, म्हणजे कुलाबा ते माहीम-शीव या पट्ट्याची, तर घटली. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्यात मात्र ८१ लाखांचे १ कोटी १० लाख झाले. मीरा-भाईंदर ५.२ लाखांवरून ८.१ लाखांवर गेलं. कुळगाव-बदलापूर सुमारे ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजारांवर. कामाच्या जागा मात्र फोर्ट, लोअर परळ, वांद्रे-कुर्ला संकुल आणि अंधेरी इथेच एकवटलेल्या राहिल्या. एके काळी वेस म्हणजे शहराचा शेवट होता. आता ती लाखो लोकांच्या घराच्या आणि कचेरीच्या मधोमध आली.

करारात काय होतं

२०१० मध्ये या पाच नाक्यांची वसुली १६ वर्षांसाठी एका खासगी कंपनीला देण्यात आली. कंपनीने महामंडळाला २,१०० कोटी रुपये आगाऊ दिले. पुढची वसुली तिची, मुदत नोव्हेंबर २०२६ पर्यंत. दर तीन वर्षांनी १ ऑक्टोबरला दरवाढ ठरलेली होती. हलक्या वाहनाचा दर २०२० मध्ये ३५ वरून ४० झाला आणि २०२३ मध्ये ४५. मिनीबस आणि हलक्या मालवाहू गाडीला ७५, ट्रक आणि मोठ्या बसला १५०, त्याहून जास्त आसांच्या (अॅक्सलच्या) वाहनाला १९०. दुचाकींना टोल नव्हताच.

आगाऊ रक्कम घेण्याच्या या पद्धतीने सरकारला तीन गोष्टींत बांधून टाकलं. पुढच्या सोळा वर्षांचं उत्पन्न एकदाच हातात आलं आणि खर्चही झालं. त्यानंतर दर कमी करणं, वेळेनुसार बदलणं किंवा कुणाला सूट देणं यातलं काहीही करायचं तर कंपनीला भरपाई देणं भाग होतं. आणि नाक्यावर रोज किती वाहनं जातात ही आकडेवारी, जी शहराच्या वाहतूक नियोजनाचा पाया असायला हवी, ती कंत्राटदाराच्या हिशेबवहीतली बाब झाली. लोकांना खरा आकडा माहीत नाही, म्हणून ‘पैसे कधीच वसूल झाले’ हा आरोप सिद्धही होत नव्हता आणि खोडलाही जात नव्हता. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने टोलविरोधात वर्षानुवर्षं आंदोलन केलं त्याचं मर्मही हेच होतं. २०२३ च्या दरवाढीनंतर नाक्यांवर मोजणीसाठी कॅमेरे लावण्याची वेळ आली ती याच अविश्वासामुळे.

कायद्यानेही वाद याच प्रश्नाभोवती फिरत ठेवला. राज्यात टोल लागतो तो मोटार वाहन कर अधिनियम, १९५८ च्या कलम २० खाली. रस्ता किंवा पूल बांधायला जो खर्च झाला तो वसूल करायचा, एवढाच त्याचा पाया. म्हणून चर्चा कायम ‘वसुली झाली की नाही’ इथेच अडते. सकाळी साडेनऊला शीवच्या पुढची गर्दीने भरलेली वाट वापरण्याचं काही मोल असावं का, हा प्रश्न या कायद्याच्या चौकटीत विचारताच येत नाही.

हिशेब मांडून पाहू

माफीच्या वेळी सरकारने सांगितलेला आकडा असा: रोज सुमारे साडेतीन लाख वाहनं पाच नाक्यांवरून जातात, त्यात अंदाजे ७० हजार जड आणि २ लाख ८० हजार हलकी.

२ लाख ८० हजार गुणिले ४५ म्हणजे दिवसाला १ कोटी २६ लाख. वर्षाला सुमारे ४६० कोटी. ही वरची मर्यादा आहे, कारण त्यात मासिक पासवाले आणि सवलतीचे होते. खरी वसुली यापेक्षा कमी. तरी आकाराची कल्पना येते.

एका मोटारवाल्याच्या बाजूने पाहिलं तर ठाणे ते वांद्रे-कुर्ला संकुल हे साधारण २५ किलोमीटर. गर्दीत गाडी लिटरला १२ किलोमीटर देते असं धरलं आणि पेट्रोल १०३ रुपयांच्या वर, तर एका खेपेला इंधनाचे सुमारे २१५ रुपये. त्यात टोल ४५. म्हणजे खिशातून त्या क्षणी जाणाऱ्या पैशाचा सहावा हिस्सा. जाऊन-येऊन ९० रुपये, महिन्याचे २५ दिवस धरले तर २,२५०. मोटार घ्यायची की लोकल, हा निर्णय ज्यांच्या बाबतीत काठावर असतो त्यांच्यासाठी ही रक्कम क्षुल्लक नाही. ती काढून घेतली की काठावरचे काही जण मोटारीकडे वळणार, हे कुणी मुद्दाम सांगायला नको.

बिल कुठे गेलं

सरकारपुढे दोन वाटा होत्या. एक, कंपनीला तिजोरीतून रोख भरपाई. हे राज्यात आधी झालं होतं. जून २०१५ पासून १२ नाके बंद करून ५३ नाक्यांवर मोटारी आणि एसटीला सूट दिली गेली, तेव्हा भरपाईचा भार राज्याने घेतला. कोल्हापूरच्या अंतर्गत रस्त्यांचा टोल मोठ्या लोकआंदोलनानंतर रद्द झाला तेव्हाही कंत्राटदाराचे पैसे सरकारनेच चुकते केले. दुसरी वाट म्हणजे वसुलीची मुदत वाढवणे. मुंबईच्या वेशींवर ती निवडली गेली. नोव्हेंबर २०२६ ला संपणारा करार सप्टेंबर २०२९ पर्यंत वाढला.

वाढीव वर्षांत टोल कोण भरणार? मोटारी तर माफ. राहिली जड वाहनं. म्हणजे मोटारवाल्याला जे सोडून दिलं ते ट्रक, टँकर आणि मोठ्या खासगी बसकडून वसूल होणार. वाशीच्या बाजार समितीतून ट्रकने शहरात येणारा कांदा-बटाटा वाढीव मुदतीतही वाशी नाक्यावर पैसे देऊनच आत येईल. ट्रकमालक तो खर्च पदरचा घालत नाही, भाड्यात धरतो. भाड्यातून तो घाऊक दरात जातो, तिथून भाजीवालीच्या टोपलीत. हा खर्च भरणाऱ्यांत असे लाखो आहेत ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी मोटार घेतलेली नाही.

बसचं उदाहरण याहून बोचरं आहे. ४५ माणसं घेऊन येणारी कंपनीची मोठी बस १५० रुपये देते. तीच ४५ माणसं ३० मोटारींतून आली तर शून्य. बस रस्त्यावर जितकी जागा अडवते तिच्या दहापट तरी जागा त्या ३० मोटारी अडवतात. जागा वाचवणाऱ्याकडून घ्यायचं आणि अडवणाऱ्याला सोडायचं, असा हा दर झाला. टोलमाफीवर इतकी चर्चा झाली, पण या एका विसंगतीकडे जवळजवळ कुणाचं लक्ष गेलं नाही, याचं वाईट वाटतं.

नाक्यावर प्रत्यक्ष काय घडतं

रोख घेणाऱ्या खिडकीतून तासाला साधारण २४० वाहनं निघतात, फास्टॅगच्या मार्गिकेतून १,२०० पर्यंत. भारतीय मानकांत हेच आकडे धरले जातात. म्हणून नाक्याजवळ रस्ता दहा-बारा फाट्यांत पसरवतात आणि पुढे पुन्हा चार-पाच मार्गिकांत आवळतात. मोटारींचा टोल गेला तरी हा पसारा तिथेच राहिला. खिडक्यांमधले काँक्रीटचे ओटे, गतिरोधक, पुढचा गळा, सगळं जागेवर. जड वाहनं अजून थांबतात. एखादा ट्रक चुकीच्या फाट्यात शिरला की त्याच्या मागच्या माफ मोटारीही अडकतात. बाजूने निघू पाहणारी मोटार तिरकी घुसते आणि दोन फाट्यांचा वेग मारते.

दुसरी गोष्ट कमी दिसते पण महत्त्वाची आहे. नाक्यावरची रांग पुढच्या रस्त्यासाठी झडपेचं काम करत होती. झडप काढली की तेवढी वाहनं कमी वेळात पुढच्या अडचणीच्या जागी पोचतात. अवघड जागेची क्षमता वाढलेली नसते, त्यामुळे रांग तीच राहते, फक्त तिची जागा बदलते.

दहिसरला तर २०२५ मध्ये नाकाच पुढे वसई खाडीवरच्या वर्सोवा पुलाच्या दिशेने हलवायची घोषणा झाली आणि वसईच्या बाजूने लगेच विरोध झाला. मीरा-भाईंदरकरांच्या दारातली रांग वसईकरांच्या दारात जाणार, एवढाच त्याचा अर्थ होता. नाका शहरात कुठेही ठेवला तरी तो कुणाच्या तरी दारातच असतो. खिडकीच नको, डोक्यावरच्या कमानीवरून वाहन न थांबवता वसुली हवी, हे तंत्र हाताशी असताना जागेवरून भांडण चालू आहे.

रुळावरचा चाकरमानी काय देतो

आता याच पैशांची गोष्ट बदलापूरच्या फलाटावरून पाहू. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ६८ किलोमीटर. मासिक पास साधारण १५ एकेरी तिकिटांच्या पैशांत मिळतो आणि कामाचे २५ दिवस धरले तर प्रवास ५० वेळा होतो. जून २०१४ मध्ये रेल्वेने पासाची किंमत ३० तिकिटांइतकी करायचं जाहीर केलं होतं. मुंबईत एवढा गदारोळ झाला की चार दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. जुलै २०२५ च्या भाडेवाढीतही उपनगरी तिकीट आणि पास वगळले गेले.

म्हणजे लोकलचा प्रवासी पूर्ण खर्च देत नाही. हे मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे. रेल्वे आपल्या तिकिटावर छापत आली आहे की प्रवाशांवरच्या खर्चाचे सरासरी ५७ टक्केच वसूल होतात. उरलेलं मुख्यतः मालवाहतूक भरते. पण पासधारक जे देतो त्यात मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा अधिभारही असतो, म्हणजे नव्या मार्गिकांसाठी तो तिकिटागणिक पैसे देतो. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई रेल्वे विकास महामंडळात रेल्वेचा वाटा ५१ टक्के आणि राज्याचा ४९. प्रकल्पांचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा उचलायचा. तिसरा टप्पा १०,९४७ कोटींचा, त्यानंतरचा ‘३ अ’ ३३,६९० कोटींचा.

आणि त्याला मिळतं काय? बारा डब्यांच्या गाडीत गर्दीच्या वेळी साडेचार ते पाच हजार माणसं, दर चौरस मीटरला चौदा-सोळा उभी. ठाणे ते दिवा ही अवघी नऊ किलोमीटरची पाचवी-सहावी मार्गिका. ती प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात होती आणि सुरू झाली १८ फेब्रुवारी २०२२ ला. मध्ये दशकाहून अधिक गेलं. कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका ‘३ अ’मध्ये. तोवर त्या पट्ट्यात इमारती उभ्या राहायच्या थांबल्या नाहीत. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लोंबकळणारे प्रवासी पडून जीव गेले. त्यांनीही पासाचे आणि अधिभाराचे पैसे दिलेले होते.

जागेचा हिशेब केला तर फरक डोळ्यांत भरतो. मोकळ्या रस्त्याची एक मार्गिका तासाला जास्तीत जास्त २,००० मोटारी वाहते. मोटारीत सरासरी दीड माणूस धरलं तर ३,०००. रुळाच्या एका जोडीवरून तासाला १६ लोकल सुटल्या तर ७२ हजार. लोकलला दिलेलं अनुदान शहराला जागा मिळवून देतं, मोटारीला दिलेलं अनुदान जागा खातं. त्यामुळे ‘त्यांना स्वस्त पास, मग आम्हाला टोलमाफी का नको’ ही बरोबरी आम्हाला पटत नाही.

मोटारवाल्याचं म्हणणं

ते ऐकून घेण्यासारखं आहे. गाडी घेताना पेट्रोल मोटारीवर किमतीच्या ११ ते १३ टक्के एकरकमी कर. इंधनावर केंद्राचा उत्पादन शुल्क, राज्याचा मूल्यवर्धित कर, वर लिटरमागे ठरावीक रक्कम. ‘एवढं दिल्यावर टोल कशाला?’

उत्तर असं की हा पैसा राज्याच्या आणि केंद्राच्या एकत्रित निधीत जातो. तो मुंबईच्या रस्त्यासाठी राखून ठेवलेला नाही. विदर्भातला ट्रॅक्टरवालाही इंधनावरचा कर देतो. शिवाय हा कर सकाळी नऊच्या आणि रात्री दोनच्या किलोमीटरला सारखाच लागतो. त्यात विजेच्या मोटारी वाढत आहेत. त्यांना करात सवलत, अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून टोलमाफी, आणि इंधनाचा कर तर त्या देतच नाहीत. रस्ता मात्र तेवढाच अडवतात. इंधनकरावर विसंबून शहराचे रस्ते पोसण्याचे दिवस संपत आले आहेत.

सरकारचं धोरण एक असतं तरी वाद समजून घेता आला असता. २०२४ या एकाच वर्षात मुंबईत तीन तऱ्हा दिसल्या. जानेवारीत २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला, जपानी कर्जावर बांधलेला, मोटारीला एका बाजूचे २५० रुपये. मार्चमध्ये किनारी रस्त्याचा पहिला भाग खुला झाला. तो महापालिकेच्या पैशांतून, टोल नाही, आणि दुचाकी-रिक्षांना बंदी. म्हणजे सगळ्या मुंबईकरांचे पैसे आणि फक्त चारचाकींचा रस्ता. ऑक्टोबरमध्ये वेशींवरची माफी. वापरणाऱ्याने द्यावं, शहराने द्यावं की इतर वाहनांनी द्यावं, या प्रश्नाची तीन उत्तरं दहा महिन्यांत देण्यात आली. बेस्टचं किमान भाडं मात्र मे २०२५ मध्ये ५ रुपयांवरून १० झालं. बसच्या प्रवाशाला माफी नव्हती.

हातातली वेस

ज्या शहरांनी गर्दीचं शुल्क, म्हणजे गर्दीच्या वेळी रस्ता वापरण्याचं मोल, लावलं त्यांना आधी शहराभोवती अशी वेस आखावी लागली. स्टॉकहोमने २००६ मध्ये बेटांच्या वाटांवर १८ ठिकाणी कॅमेरे लावून सात महिने प्रयोग केला, मग लोकांचं मत घेतलं आणि २००७ पासून शुल्क कायम केलं. वेस ओलांडणारी वाहतूक सुमारे पाचव्या हिश्श्याने घटली. मुंबईकडे ती वेस निसर्गाने दिलेली होती. पाचच जागा, तिथे वसुलीची सवय लागलेली, फास्टॅग आलेला. कमी पडलं ते इतकंच: टोलचा दर चोवीसही तास सारखाच होता आणि पैसा प्रवाशांच्या कामी येत नव्हता.

मुदत संपताना ही वेस पुन्हा वापरायची असेल तर काम कसं करावं लागेल?

आधी मोजणी. पाचही वाटांवर एका कामाच्या आठवड्यात प्रत्येक वाहन कुठून आलं, कुठे चाललं, आत किती माणसं, याची पाहणी. ती प्रसिद्ध झाली पाहिजे. मोजणीशिवाय दर ठरला की जुनाच अविश्वास पुन्हा सुरू होईल.

मग कायदा. कलम २० चा टोल खर्चवसुलीसाठी आहे, गर्दीच्या शुल्काला वेगळं कलम लागेल, आणि पैसा कुठे जाईल हे त्यातच लिहावं लागेल. आपल्याकडे याचा एक जुना धडा आहे. १९७५ चा व्यवसाय कर रोजगार हमी योजनेसाठी आणला गेला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामासाठी पैसे द्यायचे, ही कल्पनाच थोर होती. आजही वर्षाला २,५०० रुपये पगारातून कापले जातात, पण हा पैसा कशासाठी घेतला गेला हे पगारपत्रक पाहणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे? स्वतंत्र निधी आणि दर तिमाहीला जाहीर हिशेब नसेल तर या शुल्काचंही तेच होईल.

वेळा: सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ९. दोन्ही दिशांना. फक्त आत येणाऱ्यांवर शुल्क लावण्याचा मोह होईल, पण ऐरोलीच्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांमुळे तिथे सकाळी बाहेर जाणारी रांगही मोठी असते. पाचही वाटांवर दर एकच हवा. ऐरोली स्वस्त आणि वाशी महाग केलं तर वाहनं ऐरोलीकडे वळतील आणि तिथला पूल गुदमरेल. दिवसाची कमाल मर्यादा ठरवायची, म्हणजे मुलुंड-ठाणे अशा जवळच्या खेपा करणारा रिक्षावाला किंवा दवाखान्यात जाणारा भरडला जाणार नाही. बसला शून्य, मग ती एसटी असो, पालिकेची असो वा कंपनीची. मालाच्या ट्रकला गर्दीच्या वेळेबाहेर शून्य, म्हणजे भाजीचा ट्रक पहाटे पाचला फुकट येईल.

वसुली कमानीवरून. फास्टॅग वाचला गेला नाही तर नंबरपाटी वाचायची. इथेच घोळ होण्याची शक्यता सर्वात जास्त. नक्षीदार अक्षरांच्या पाट्या कॅमेऱ्याला वाचता येत नाहीत. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवणं पूर्ण झाल्याशिवाय हे सुरू करू नये. ई-चलन थकवण्याची सवय सर्वश्रुत आहे, म्हणून थकबाकी विमा नूतनीकरणाला किंवा वाहनाच्या हस्तांतरणाला जोडावी लागेल. आणखी एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच दिसेल: वेशीच्या ठाणे बाजूला, कोपरी-आनंदनगरच्या गल्ल्यांत लोक गाड्या लावून पुढे रिक्षाने जातील. तिथल्या रहिवाशांसाठी वाहनतळाची व्यवस्था आधी नाही केली तर विरोध तिथूनच पेटेल.

पैशाचं गणित उदाहरणादाखल. गर्दीच्या वेळी १ लाख मोटारी, प्रत्येकी ५० रुपये, वर्षाचे २५० कामाचे दिवस: १२५ कोटी. किलोमीटरला ६० रुपये खर्च आणि दिवसाला २०० किलोमीटर धावणारी बस धरली तर एका बसचा वर्षाचा खर्च सुमारे ४४ लाख. म्हणजे तिकिटाचा एक रुपया न धरताही २८० च्या वर बस. घोडबंदर, मीरा रोड, ऐरोली, कळंबोलीहून थेट अंधेरी आणि वांद्रे-कुर्ला संकुलाकडे. या बस शुल्क सुरू होण्याच्या सहा महिने आधी रस्त्यावर दिसल्या पाहिजेत. आधी शुल्क आणि मग बस, असा क्रम ठेवला तर पहिल्याच निवडणुकीत शुल्क माफ होईल.

आणि जमीन

शहर पसरवण्यात सर्वाधिक कमावतो तो ना मोटारवाला, ना पासधारक. कमावतो तो स्थानकाच्या किंवा नव्या रस्त्याच्या आसपास जमीन धरून बसलेला. स्वस्त पासामुळे वांगणी-नेरळपर्यंत घर घेणं परवडतं. पासात जे वाचतं ते घराच्या किमतीत जातं. हे अनुदान खरं तर जमिनीत मुरतं.

त्यातलं काही परत घेण्याची साधनं राज्याने तयार केली आहेत. मुंबई, ठाणे, पुणे, नागपुरात १ एप्रिल २०२२ पासून मुद्रांक शुल्क एक टक्क्याने जादा लागतं, लोक त्याला मेट्रो उपकर म्हणतात. महत्त्वाच्या वाहतूक प्रकल्पांसाठी विकास शुल्क दुप्पट घेण्याची तरतूद नगररचना कायद्यात २०१५ मध्ये आली. पण उपकर भरतो नवा घर घेणारा, ज्याच्या मानेवर आधीच वीस वर्षांचा हप्ता आहे. ज्याची जमीन रस्ता जाहीर होताच तिप्पट झाली आणि जो ती न विकता बसला आहे, त्याला काहीच लागत नाही. आणि हा पैसा मेट्रोकडे जातो. बदलापूरच्या नव्या इमारतींतले लोक ज्या लोकलमध्ये चढतात, तिच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेतल्या राज्याच्या निम्म्या वाट्याशी त्याची गाठ कुठेच बांधलेली नाही. नव्या इमारतीला परवानगी देताना नगरपालिका पाणी किती लागेल ते विचारते. सकाळी ७ ते १० मध्ये ही इमारत लोकलमध्ये किती माणसं चढवणार, हे परवानगीच्या कागदावर आलं आणि त्यानुसार विकास शुल्काचा वाटा थेट त्या पट्ट्यातल्या रेल्वे मार्गिकेच्या खात्यावर गेला, तर राज्याचा हिस्सा दरवर्षी अर्थसंकल्पाच्या दयेवर राहणार नाही.

वाढवलेला करार सप्टेंबर २०२९ मध्ये संपतो. तोवर कायदा व्हायचा तर विधेयक २०२७ मध्ये सभागृहात यावं लागेल. कमानी, नंबरपाट्यांची यंत्रणा आणि चाचणीला दीड वर्ष, बसखरेदीला त्याहून जास्त. म्हणजे पाच वाटांवरची मोजणी २०२६ च्या पावसाळ्यानंतर, शाळा-कचेऱ्या पूर्ण सुरू असलेल्या नोव्हेंबरातल्या एखाद्या आठवड्यात झाली पाहिजे.